वहिनीचा स्वच्छ फोटो

वहिनी, तुझ्या छातीचा एक्सरे अजून ओटीवरच्या खिडकीला लावलेला आहे. वरच्या दोन कोपऱ्यांना भोकं पाडून तू सुतळीने बांधला होतास तसाच. सकाळी ऊन आलं की त्यातल्या बरगड्या उजळतात. भेटायला येणाऱ्या बायका आधी त्याच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे. काल शेजारच्या काकूंना राहवलं नाही. म्हणाल्या, "फोटो तर स्वच्छ होता ना गं?" मी हो म्हटलं. स्वच्छच होता, त्यात काय खोटं आहे?

हे कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही. म्हणजे मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मला त्याच दिवशी समजलं होतं. तळासरीच्या शाळेत मी पोरांना आरोग्याचा धडा शिकवते, इतकं डोकं मला आहे. तरी कळलेलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीला मी डहाणूला माहेरी आले तेव्हा तू पडवीत बसून चिकू निवडत होतीस. माझी पिशवी घ्यायच्या आधी तू माझ्या साडीकडे बघितलंस आणि म्हणालीस, मास्तरीणबाईंना इस्त्रीला वेळ मिळत नाही वाटतं. आता तीच सुट्टी संपत आली आहे. शाळा उघडायची आहे, पिशवी त्याच कोपऱ्यात पडली आहे, आणि माणसं तुझ्याबद्दल 'होती' म्हणायला लागली आहेत. मला त्या शब्दाचा इतका राग येतो की मी उठून स्वयंपाकघरात जाते. तिथे तर तू जास्तच असतेस.

तू ह्या घरात आलीस तेव्हा आपण दोघी सारख्याच वयाच्या होतो. तू दादाची बायको, मी त्याची धाकटी बहीण, म्हणून तू मला रीतीप्रमाणे 'वन्स' म्हणायचीस आणि अहो-जाहो करायचीस. मी तुला सरळ 'वहिनी, तू'. आवारातल्या विहिरीवर आपण दोघी हसत सुटायचो आणि आई आतून ओरडायची, तरी तुझं 'वन्स, तुम्ही' काही सुटलं नाही. मला पुढे शिकायचं होतं, बाबांना ते नको होतं. तू त्यांच्याशी वाद घातला नाहीस. रोज दुपारी त्यांना चहा देताना एकच वाक्य बोलायचीस, की वन्सना शिकवून सोडलं तर बरं. बाबा शेवटी कंटाळून हो म्हणाले. मी मास्तरीण झाले ती तुझ्या चहामुळे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला ते माहीतच असणार असं धरून चालले होते.

मग दादाला क्षय झाला. माझं लग्न होऊन मी तळासरीजवळच्या वेवजीला गेले होते. निरोप आला तेव्हा मला वाटलं दादा गेल्यातच जमा आहे, कारण तेव्हा सगळ्यांना तसंच वाटायचं. तुला एकटीला वाटलं नाही. सुया द्यायला कंपाउंडरकडून शिकलीस, गोळ्या मोजून दिल्यास, आणि दर थोड्या महिन्यांनी त्याला एक्सरेला नेलंस. आपल्याकडे एक्सरे कुणी म्हणत नाही, फोटोच म्हणतात, आणि फोटो म्हटलं की छातीचा. दुसऱ्या कशाचा फोटो असतो हे आपल्या आळीत कुणाला ठाऊक होतं? प्रत्येक फोटो घरी आणून तू अंगणात उन्हाकडे धरायचीस आणि आधीच्या फोटोशी ताडून बघायचीस. उजवीकडे वर एक पांढरा डाग होता. तो लहान लहान होत गेला. मी आले की मलाही दाखवायचीस, "इथे बघा वन्स, इथे. मागच्या खेपेला पेरूएवढा होता, आता बोराएवढा आहे." मला दोन्हीकडे धूरच दिसायचा. तुला खरंच दिसायचं. शेवटचा फोटो स्वच्छ आला आणि डॉक्टरांनी सांगण्याआधीच तू दादाचा हात धरून हसायला लागली होतीस.

पण त्या काळात लोकांनी आपल्या घरचं पाणी सोडलं होतं. येणाऱ्यांना ओटीवरच बसायचं असायचं आणि कुणालाच तहान नसायची. तू काय केलंस? दादाचा स्वच्छ फोटो घेऊन आळीतल्या घराघरात गेलीस. प्रत्येकीच्या अंगणात उभं राहून तो उन्हाकडे धरलास आणि म्हणालीस, बघा, काही आहे का? आता चहाला या. आणि त्या आल्या. वरोरची मासळीवालीसुद्धा टोपली उतरवून आत येऊन बसली आणि पाणी मागून प्याली. त्या चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला गेलो तेव्हा खण-नारळाबरोबर दादाचा फोटोही तू देवीसमोर ठेवलास. तेव्हापासून आपल्या आळीत पद्धतच पडली. कुणाच्या छातीचा फोटो स्वच्छ आला की तो दारोदार दाखवायचा आणि मग देवीला न्यायचा. स्वच्छ फोटो म्हणजे माणूस वाचलं. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात हे तू बसवलंस, आणि सगळ्यात पक्कं तुझ्या स्वतःच्या डोक्यात.

तळासरीला फोटोची मोटार आली होती ते आठवतं? सरकारी मोटार, शाळेच्या मैदानात उभी. सगळ्या गावाने रांगेत उभं राहून छातीचा फोटो काढायचा. माझ्या वर्गातल्या पोरांच्या आया भीतीने येईनात. म्हणून मी तुला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तू डहाणूहून आलीस आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिलीस. आतला माणूस म्हणाला, श्वास घ्या, धरा. तू धरलास. तेवढ्यात त्याला बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि तो 'सोडा' म्हणायला विसरून निघून गेला. आणि तू धरूनच राहिलीस! चेहरा लाल, डोळे बाहेर, बायका घाबरल्या. शेवटी मी आत डोकावून ओरडले, "वहिनी, सोडा!" तू सोडलास आणि इतकी हसलीस की खाली बसलीस. म्हणालीस, त्याने सोडा म्हटलंच नाही, मी काय करू? तुझं ते हसणं बघून बाकीच्या बायका रांगेत आल्या.

त्यानंतर ते आपल्या घरातलं बोलणंच झालं. पायात काटा रुतला, भाजलं, दादाशी भांडण झालं, की तू श्वास धरून बसायचीस आणि मी लांबून म्हणायचे, "सोडा." तुला अहो-जाहो मी आयुष्यात तेवढ्यापुरतंच केलं. तू सोडायचीस आणि हसायचीस.

गेल्या पावसाळ्यानंतर तुझं पोट वाढायला लागलं. इतकी वर्षं मूल नव्हतं, चाळिशी आली होती, आणि आळीतल्या बायका निऱ्यांकडे बघून गालात हसायला लागल्या. तू कुणाला काही बोलली नाहीस. मलासुद्धा नाही. मी दिवाळीला आले तेव्हा तू मला कोठीच्या खोलीत नेलंस आणि माझा हात पोटावर ठेवलास. "हलतं असं वाटतं कधीकधी," म्हणालीस. मी हात ठेवून वाट बघितली. ते पोट मला गरोदर बाईच्या पोटासारखं लागलंच नाही. ताणलेलं होतं आणि आत पाणी हिंदकळत होतं. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू या. तू म्हणालीस, दृष्ट लावू नका.

डहाणूच्या पारशी डॉक्टरांनी पोट तपासलं आणि फोटो काढला. मूल असतं तर त्याची हाडं दिसली असती, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्या फोटोत हाडं तुझीच होती, कण्याची आणि कमरेची, आणि तीसुद्धा धुक्यात असावीत तशी. सगळं पोट पाण्याने भरलं होतं म्हणून फोटो धुकट आला होता. हे तुला कोण सांगणार ह्यावर मी आणि दादा दवाखान्याच्या पायरीवर एकमेकांकडे बघत राहिलो. तू बाहेर आलीस आणि आमची तोंडं बघून म्हणालीस, "नाहीये ना?" मग चपला घालून चालायला लागलीस. घरी जाऊन तू भात टाकलास. मी मागे उभी होते आणि तू एकदाही वळली नाहीस.

मुंबईला ऑपरेशन ठरल्याचा निरोप मला शाळेत मिळाला. एसटीची वाट बघण्याइतका धीर मला नव्हता. अच्छाडकडून येणाऱ्या ट्रकला हात केला, चारोटीला उतरले, तिथून डहाणू आणि डहाणूहून गाडीने मुंबई. ट्रकवाल्याने विचारलं, बेन, रडता का? मी म्हटलं, धूळ गेली. हे तुला सांगितलं असतं तर तू महिनाभर मला चिडवलं असतंस. आपली सारवलेली ओटी सोडून कधी कुठे न राहिलेली तू त्या मोठ्या इस्पितळातल्या लोखंडी खाटेवर मांडी घालून बसली होतीस आणि नर्सला चिकू कसे पिकवायचे ते समजावत होतीस.

ऑपरेशननंतर जखम बरीच भरून आली. मुंबईच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि आम्हाला बोलावलं. ते दादाला आणि मला बाहेर नेऊन बोलणार होते. तू म्हणालीस, माझ्यासमोर बोला, ह्यांच्या वेळीही सगळं मीच ऐकलंय. तेव्हा त्यांनी काचेच्या दिव्यावर तुझा फोटो लावला. तू पुढे वाकून बघितलंस, आणि ते बोलायच्या आधीच तुझा चेहरा बदलला. मला तो चेहरा ओळखीचा होता. दादाच्या शेवटच्या फोटोच्या वेळचाच चेहरा.

डॉक्टर म्हणाले, "छाती स्वच्छ आहे. रोग वर चढलेला नाही, हे चांगलं लक्षण आहे. पण बाई, तुमचा रोग पोटात आहे. बीजकोशातल्या गाठी मी काढल्या. आतल्या अस्तरावर नाचणीएवढे दाणे पसरलेले आहेत, ते सगळे काढता येत नाहीत. आणि ते कुठल्याच फोटोत दिसत नाहीत. पोट उघडलं म्हणून मला दिसले. संक्रांतीनंतर शेक घ्यायला परत या."

शेक म्हणजे यंत्राचे किरण, हे मला कळलं. दादाने मान खाली घातली. तू सगळं नीट ऐकलंस आणि मग विचारलंस, "हा फोटो घरी नेता येईल का?"

गाडीत तू तो मांडीवर ठेवला होतास. पालघर गेलं, बोईसर गेलं, तू खिडकीबाहेर बघत होतीस आणि मध्येच पाकिटातून तो थोडा बाहेर काढून बघत होतीस. मला वाटलं, बघू दे. पोटातलं पाणी गेलं होतं, कितीतरी दिवसांनी तुला भूक लागली होती, डहाणूला उतरल्या उतरल्या तू बोंबलाचं कालवण करायचं म्हणालीस. हे कुणाला नको होतं?

दुसऱ्या दिवसापासून तू फोटो घेऊन आळीत फिरलीस. टाके अजून ओढत होते, तरी प्रत्येकीच्या अंगणात उन्हाकडे धरून, बघा, काही आहे का? बायकांनी बोटं मोडून तुझी दृष्ट काढली. दादा घरोघर तुझ्यामागे दोन पावलं अंतर ठेवून चालत होता, आणि मला दिसलं की त्याचीही मान आता वर आहे. मग तू तो ओटीच्या खिडकीला बांधलास. येईल-जाईल त्याला दिसावा म्हणून.

संक्रांत झाली. तू मुंबईला गेली नाहीस. मी शनिवारी शाळा सुटल्यावर आले तर तू करंड्यांत पेंढा घालून चिकूचे थर लावत होतीस. मी म्हटलं, शेक? तू म्हणालीस, हंगाम आहे, आणि चांगल्या माणसाला शेक कशाला? मी खूप सबुरीने सांगायला लागले. छातीचा फोटो छातीचाच असतो. दादाचा आजार छातीत होता म्हणून त्याला तो लागू पडला. तू थर लावत राहिलीस. मग माझी सबुरी संपली आणि मी आवाज चढवला. म्हटलं, घर मागच्या बाजूने पेटलंय आणि तू लोकांना पुढचं दार दाखवत फिरतेस. चिकू तुझ्या हातात तसाच राहिला.

"ह्यांची छाती मी वाचली, वन्स," तू म्हणालीस. "सगळ्या डॉक्टरांच्या आधी वाचली. तेव्हा तुम्ही कुठे होता?" मी वेवजीला होते, संसारात होते, ते तुलाही माहीत होतं. मी गप्प बसले नाही. तुझं पोट तुला वाचता येत नाही, असं म्हणाले. तेव्हा तू मान वर केलीस आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एकेरी बोललीस. "तुला माझं चांगलं बघवत नाही का गं?"

ते आपलं शेवटचं भांडण. पुरं झालेलं नाही. मी दादाला गाठलं, तो म्हणाला, तिला वाटतंय ती बरी आहे, दिसतेही बरी, तू कशाला? मी मुंबईच्या डॉक्टरांना जाऊन विचारते म्हटलं तर तो म्हणाला, त्यांनीही स्वच्छच म्हटलं की. तीन माणसं एकाच खोलीत एकच बोलणं ऐकून आली होती, आणि त्यातल्या दोघांनी त्याचं अर्धंच घरी आणलं. रविवारी संध्याकाळी मी एसटीत बसले. तू रस्त्यापर्यंत आलीस, चिकूची पिशवी खिडकीतून आत ढकललीस आणि म्हणालीस, वन्स, कच्चे आहेत, गुरुवारपर्यंत खाऊ नका. पुन्हा अहो-जाहो. मला वाटलं मिटलं.

आणि खरं सांगू? मलाही वाटायला लागलं होतं. महिन्यामागून महिना गेला, तुझे गाल भरले, आवाज पूर्वीसारखा झाला. चैत्रात जत्रेला मी माझी शाळेतली पोरं घेऊन आले तेव्हा तू मंडपाबाहेर खण, नारळ आणि फोटो असं सगळं ताटात मांडून उभी होतीस. माझ्या वर्गातल्या एका पोरीची आई, वारली जमातीची, तिने वाकून फोटोकडे बघितलं आणि विचारलं हे काय आहे. तू म्हणालीस, माझी छाती. ती तोंडावर पदर धरून हसली, तू तिच्याहून जास्त हसलीस, आणि मी देवीसमोर हात जोडून म्हटलं, बये, मला खोटी पाड. एवढं मी कधी मनापासून मागितलं नव्हतं. तिने ऐकलं नाही. मी खरी ठरले, आणि त्या खरेपणाचं काय करू ते मला समजत नाही. जाळायचं की पुरायचं?

सुट्टीत मी आले त्याच आठवड्यात तुला उलट्या सुरू झाल्या. आंबा बाधला म्हणालीस. ओव्याचं पाणी प्यालीस, तेही उलटलं. पोट पुन्हा ताणलं. ह्या खेपेला तू डॉक्टरांकडे यायला नाही म्हणाली नाहीस. ह्यावरूनच मला कळायला हवं होतं. खटाऱ्यात गादी घालून तुला नेलं तेव्हा खिडकीचा फोटो सोडून घ्या म्हणालीस. तो उराशी धरून बसलीस.

पारशी डॉक्टरांनी तुला यंत्रापुढे उभं केलं. मी तुला मागून धरलं होतं, त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं. म्हणाले, श्वास सोडा. पूर्ण सोडा. आता धरा. तू माझ्याकडे बघितलंस. तुला उभं राहवत नव्हतं, ओठ पांढरे पडले होते, तरी तुझ्या डोळ्यांत ते तळासरीचं हसू आलं. बाहेर आल्यावर म्हणालीस, "वन्स, ह्यांना येत नाही. श्वास घेऊन धरतात, सोडून कुठे धरतात?" मी डॉक्टरांना विचारलं. पोटाच्या फोटोला तसंच असतं, ते म्हणाले.

फोटो धुऊन ओला असतानाच ते घेऊन आले आणि तुझ्यासमोर उजेडाकडे धरला. तुझ्यापासून लपवायचं नाही हे एव्हाना त्यांनाही माहीत होतं. त्यात आडव्या रेघांच्या वर फुगलेल्या काळ्या कमानी होत्या, एकावर एक, जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तशा. आतड्याची वाट बंद झाली की वारा वर आणि पाणी खाली असं साठतं, असं त्यांनी नंतर मला सांगितलं. तू मात्र तो फोटो हातात घेतलास. खूप वेळ बघितलास. उलटा करून बघितलास. मांडीवरचा तुझा स्वच्छ फोटो त्याच्या शेजारी धरलास, दादाचे दोन फोटो धरायचीस तसा, आणि ताडून बघायला लागलीस.

"ह्यात छाती कुठे आहे?" तू विचारलंस.

डॉक्टर हळूच म्हणाले, "आ तो पेटनो छे, बेन. पोटाचा."

तू दोन्ही फोटो खाली ठेवलेस. मला वाटलं आता तू माझ्याकडे बघशील. तू दादाकडे बघितलंस. तो भिंतीला टेकून उभा होता आणि त्याला अजून काही समजलं नव्हतं, तो त्या स्वच्छ फोटोकडेच बघत होता. त्याच्याकडे बघता बघता तुझा चेहरा असा झाला की मी तो विसरू शकत नाही. स्वतःसाठी तू घाबरली नाहीस. इतके दिवस त्याला काय दाखवत फिरलीस ते तुला तेव्हा कळलं. मग तू म्हणालीस, घरी चला. मुंबईला न्यायचं का, असं दादाने विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. एवढा प्रवास झेपणार नाही, म्हणाले. मी त्यांना दाराशी गाठून विचारलं, संक्रांतीला शेक घेतला असता तर? ते म्हणाले, कदाचित काही महिने. कदाचित तेही नाही. नक्की कुणीच सांगू शकत नाही. म्हणजे माझं खरं होतं की नाही हेसुद्धा मला धड कळणार नाही.

घरी आल्यावर आपण त्या भांडणाविषयी बोललो नाही. तुझं डोकं मांडीवर घेऊन मी बसायचे, ओलं फडकं ओठांना लावायचे. मला म्हणायचं होतं, वहिनी, मला बघवतं गं तुझं चांगलं, दुसरं काही बघवत नाही. मी म्हटलं, कूस बदलायची का? तुलाही काहीतरी म्हणायचं होतं. तू म्हणालीस, तो फोटो परत खिडकीला बांधा, हे शोधतील. मी बांधला. दादा तेव्हापासून त्याच्यासमोर बसतो. काल मी सोडायला गेले तर म्हणाला, राहू दे, बघ ना किती स्वच्छ आहे. मला त्या फोटोवर दगड घालावासा वाटतो आणि त्याला हात लावायची हिंमत होत नाही. त्यात तू श्वास भरून घेतलेला आहेस, अगदी काठोकाठ, मुंबईच्या यंत्रावरच्या माणसाने सांगितला तसा.

त्या दुपारी दादा वाडीत पाटाचं पाणी वळवायला गेला होता. तूच त्याला पाठवलंस. कळ आली की तू श्वास धरायचीस. मी 'सोडा' म्हणायचे, तू सोडायचीस, आणि जमलं तर ओठाच्या कोपऱ्याने हसायचीस. असं सकाळपासून चाललं होतं. मग एक मोठी कळ आली. तू माझं मनगट पकडलंस आणि श्वास धरलास, नेहमीपेक्षा जास्त वेळ. तुझा चेहरा तळासरीला झाला होता तसा लाल झाला. मी वाकले आणि तुझ्या कानात म्हटलं, "वहिनी, सोडा."

तू सोडलास. पूर्ण सोडलास. आणि मग धरून ठेवलास, आणि मी तुझं तोंड बघत बसून राहिले, की आता हसशील.